मुंग्यांची मोजणी

एकतीस वर्षं मी जमिनी मोजतोय. डोंगर मोजले, नाले मोजले, भांडणाऱ्या दोन सख्ख्या भावांच्या मध्ये उभं राहून, दोघांच्याही शिव्या खात, कुंपणाची रेघ मारली आणि ती रेघ कोर्टातसुद्धा बोटभर हलली नाही. तेव्हा ओट्यावर मुंग्यांची एक बारीकशी रांग दिसली म्हणून मी घाबरेन असं कुणाला वाटत असेल, तर त्याने मला ओळखलंच नाही! सोमवारी सकाळी ही मला हाक मारायला आली तेव्हा मी हातातला चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. म्हटलं, शुक्रवारी घरात एक मुंगी दिसली तर नाव बदलीन.

शुक्रवार म्हणायला कारण होतं. शुक्रवारी अकरा वाजता अन्न खात्याच्या इन्स्पेक्टर बाई येणार होत्या. आमची ही केक करते. आधी हौस म्हणून, मग ओळखीपाळखीत, आणि गेल्या वर्षी कॅन्टीनमधली बारा वर्षांची नोकरी सोडून तिने सरळ मोठा ओव्हनच घेतला. रीतसर विकायचं तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी घर तपासून घ्यावं लागतं. दोन महिने ती या तारखेची वाट बघत होती. भिंतींना रंग दिला, डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, ओट्याखालचा गळका पाइप बदलला. स्वतःसाठी पांढरी टोपी आणली आणि ती आरशासमोर तीन वेळा घालून पाहिली, हे मी दाराआडून बघितलंय. तपासणीच्या फॉर्मवर किडामुंगीचा एक रकाना असतो. तिथे फुली पडली की पुढचे सहा महिने अर्ज करता येत नाही.

या धंद्यात माझाही वाटा आहे. केक ओव्हनमधून निघतो तेव्हा मधोमध फुगलेला असतो. वरचं ते टेकाड सुरीने कापून तो सपाट करावा लागतो, नाहीतर क्रीमचा थर घसरतो. कापलेले तुकडे रोज डबाभर निघतात. ते बागेत नेऊन पक्ष्यांना घालायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. मला स्वतःला गोड बंद आहे. आठ महिन्यांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी साखर बंद केली, आणि घरात चोवीस तास केक असून हे बोटसुद्धा लावत नाहीत, असं ही येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगते. ती सांगत असते तेव्हा मी विनयाने जमिनीकडे बघतो.

तर सोमवारी मी दुकानातला सगळ्यात मोठा स्प्रे आणला आणि रांगेवर असा मारला की मलाच ठसका लागला. पाच मिनिटांत मैदान साफ. संध्याकाळपर्यंत मी दोन फोन करून ही गोष्ट इतरांना कळवलीसुद्धा.

बुधवारी सकाळी एका रांगेच्या चार रांगा झाल्या होत्या! एक ओट्यावर, एक बाथरूममध्ये, एक पुस्तकांच्या कपाटामागून, आणि एक विजेच्या बटणांच्या पेटीतून अशी बाहेर पडत होती, जणू आत त्यांचं ऑफिस सुटलं होतं. बाथरूममधली रांग तर थेट टूथब्रशवर चढली होती. तीही फक्त माझ्या. हिच्या ब्रशवर एकही नव्हती. असं का, म्हणून हिने विचारलं, तेव्हा मुंग्यांना निळा रंग आवडत असावा असं मी सांगितलं.

शेवटी हिने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. मला न विचारता. तो आला, ओट्यावर वाकला, खिशातून भिंग काढून बराच वेळ बघत बसला. मुंगी म्हणजे मुंगी, त्यात भिंगाने काय बघायचं, असं मला वाटलं होतं. पण नाही. बारीक, पिवळट, शेपटीकडे जराशा काळपट, अशी खूण त्याने दाखवली आणि मान वर करून विचारलं, "साहेब, स्प्रे कुणी मारला?"

मी छताकडे पाहिलं. तो शांतपणे समजावत गेला. या जातीच्या एका घरात अनेक राण्या असतात. स्प्रेचा वास आला की प्रत्येक राणी आपापला गोतावळा घेऊन निघते आणि नवा संसार मांडते. म्हणजे मी मुंग्या मारल्या नव्हत्या, वाटण्या करून दिल्या होत्या. हे ऐकून मी उडालोच. एकतीस वर्षं वाटण्यांच्याच रेघा मारल्या, पण अर्ज न करता कुणाला इतक्या झटपट वाटणी मिळालेली मी पाहिली नव्हती.

मग त्याने एका पुठ्ठ्यावर मधाचा थेंब ठेवला, शेजारी लोण्याचा गोळा ठेवला. ज्याला मुंग्या लागतील तसलं औषध द्यायचं, अशी त्याची पद्धत. आम्ही तिघं श्वास रोखून बघत राहिलो. मुंग्या आल्या, मधाला वळसा घातला, लोण्याला वळसा घातला आणि पुढे निघून गेल्या.

पेस्ट कंट्रोलवाला मागे सरकला. म्हणाला, "यांना घरात कुठेतरी याहून चांगलं मिळतंय."

हिचा चेहरा पांढराफटक पडला. याहून चांगलं म्हणजे केक, आणि केक म्हणजे तिचं स्वयंपाकघर. त्याने रांगांच्या वाटेवर औषधाचे बारीक ठिपके ठेवले, स्प्रेला आणि फिनाईलला हात लावायचा नाही असं बजावलं, आणि गुण यायला आठदहा दिवस लागतील म्हणाला. तोपर्यंत रांगेच्या मागे जा, त्या खातात ते ठिकाण शोधा आणि बंद करा. तो गेल्यावर हिने एकेक डबा उपसला, पुसला, परत भरला. एकातही मुंगी नव्हती. पांढरी टोपी तिने कपाटात मागे ढकलून ठेवलेली मी पाहिली आणि मला फार वाईट वाटलं.

रांगेच्या मागे जा! अहो, हे तर माझंच काम. गुरुवारी मी रजा टाकली आणि घराची मोजणी काढली.

मोजणीला आधी एक पक्का बिंदू लागतो. त्याला बेंचमार्क म्हणतात. बाकी सगळं त्याच्यापासून मोजायचं. आमच्या धंद्यात जगावर शंका घेता येते, बेंचमार्कवर घ्यायची नसते. पॅसेजमधल्या उंच फळीवर माझी जुनी लाकडी पेटी आहे. आतलं मोजणीचं यंत्र कधीच मोडीत गेलं, पेटी आठवण म्हणून ठेवली. तिथून चारही खोल्यांचे दरवाजे दिसतात. शिवाय तिला कुणी हात लावायचा नाही असा घरात नियम आहे, म्हणजे ती हलण्याचा प्रश्न नाही. मी पेटीला बेंचमार्क केलं.

दिवसभर मी गुडघ्यांवर होतो. माझ्या मोजणीच्या रेघा निळ्या चिकटपट्टीने, मुंग्यांच्या रांगा लाल चिकटपट्टीने. दर हातावर नंबर. मग मोठ्या कागदावर त्याच रंगांत नकाशा काढला, उत्तर दिशेचा बाण काढला, खाली सही केली. पॅसेजमध्ये लाल आणि निळ्या रेघांची इतकी गर्दी झाली की काही कळेना, म्हणून नकाशा स्वच्छ दिसावा यासाठी तिथल्या लाल रेघा मी पुसून टाकल्या. उरलेल्या लाल रेघांपैकी सगळ्यात ठळक रेघ सरळ जाऊन आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधल्या सामाईक भिंतीत घुसत होती. मला हवं होतं ते मिळालं.

शेजारी दंतवैद्य आहेत. अतिशय काटेकोर माणूस. मी नकाशा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो आणि तुमच्या घरच्या मुंग्या माझ्या घरात अतिक्रमण करताहेत, असं त्यांना पुराव्यानिशी सांगितलं. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला, मग मला आत नेलं. त्यांच्या घरात वीस वर्षांत साखरेचा दाणा आलेला नाही. ओटा असा लख्ख की त्यावर दाढ काढावी! आणि त्या ओट्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. ती आमच्या भिंतीतून निघून त्यांच्या घरात पाणी प्यायला येत होती.

"मीच तुमच्याकडे येणार होतो," दंतवैद्य म्हणाले. "उद्या तपासणी आहे ना? मग उद्याच येतो."

घरी येऊन मी हिला फक्त एवढंच सांगितलं, की उद्या शेजारचे डॉक्टरही येणार आहेत, आपल्या पाठिंब्याला.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला इन्स्पेक्टर बाई आल्या. चष्मा, फाइल, आणि चेहऱ्यावर काहीही नाही. मागोमाग दंतवैद्य. बाईंनी ओव्हन पाहिला, थर्मामीटर लावून फ्रीज तपासला, डब्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या, ओट्यावरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. ही टोपी घालून एका कोपऱ्यात उभी होती, हात एकमेकांत घट्ट अडकवून. सगळ्या रकान्यांवर बरोबरच्या खुणा पडत गेल्या. मग बाईंना मुंग्यांची रांग दिसली. पेन थांबलं.

हिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मला असं भरून आलं, की मी पुढे झालो, नकाशा टेबलावर पसरला आणि बाईंना म्हणालो की काळजीचं कारण नाही, संपूर्ण मोजणी शास्त्रशुद्ध झालेली आहे.

बाई नकाशावर वाकल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. किती तरी वेळ त्या बघत होत्या. मग त्यांनी पॅसेजवर बोट ठेवलं. "या सगळ्या रेघा इथे का मिळतात?"

"त्या निळ्या आहेत. माझ्या मोजणीच्या. तो बेंचमार्क आहे."

"आणि मुंग्यांच्या रेघा इथे येऊन संपतात त्या?"

"तिथल्या मी पुसल्या. गर्दी होत होती."

आणि मग, मंडळी, एकदम, आतल्या आत, मला ती पेटी आठवली. म्हणजे पेटी डोळ्यांसमोरच होती. पेटीत काय आहे ते आठवलं! मी अख्खा दिवस जमिनीवर रांगत त्या पेटीपासून इंच न् इंच मोजला होता, पण खरं सांगतो, पेटीच्या आत काय आहे हा विचार मला शिवलासुद्धा नव्हता. बेंचमार्कवर शंका घेत नाहीत. आयुष्यभर जमीन मोजली, ती पायांखालून सरकताना मात्र पहिल्यांदाच पाहिली.

मी म्हणालो, ती पेटी फार जुनी आहे, नाजूक आहे, उघडत नाही. दंतवैद्यांनी तोवर स्टूल आणलं होतं. त्यांचे हात दाढा उपटणारे, पेटीची कडी एका हिसक्यात निघाली.

आत केकची टेकाडं होती. डबाभर. चॉकलेटची, संत्र्याची, लोण्यात न्हालेली. तीन आठवड्यांपूर्वी रक्ताचा रिपोर्ट बघून मी घाबरलो होतो आणि आता पुन्हा कधी नाही म्हणून शपथ घेतली होती. शपथ घेतली, पण माल काढायचा राहिला. आणि त्या मालावर मुंग्यांचं अख्खं गाव वसलं होतं. घरं, रस्ते, अंडी घेऊन लगबगीने जाणाऱ्या बाया, सगळं.

दंतवैद्यांनी माझ्या तोंडाकडे व्यवसायाच्या नजरेने पाहिलं. ही हळूहळू पुढे आली, पेटीत डोकावली, मग माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अहो," ती म्हणाली, "आणि मी सगळ्यांना सांगत होते की तुमच्यामुळे बागेत पक्षी वाढले."

लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझी साखर गेली खड्ड्यात, पण हिची बारा वर्षांची नोकरी, ओव्हन, ती टोपी, सगळं मी एका पेटीत घालून बसलो होतो. मी इन्स्पेक्टर बाईंना हात जोडले. म्हटलं, बाई, फुली मारायची तर मला मारा, हिचं स्वयंपाकघर बघा, तिथे एक कण सापडणार नाही.

बाई परत स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याखाली बॅटरी टाकली, एकेक डबा उघडला, औषधाचे ठिपके पाहिले, लाल पट्ट्यांच्या मागे दोनदा पेटीपर्यंत चालत गेल्या. मग खुर्चीवर बसून लिहायला लागल्या. मुंग्या स्वयंपाकघरात तयार होत नाहीत, बाहेरून येतात, एवढं तुमच्या नकाशावरून सिद्ध होतं, असं त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. परवाना मिळेल. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा बघायला येतील. तोपर्यंत पेटी घराबाहेर आणि तुकडे झाकणाच्या बादलीत. ही मटकन खाली बसली आणि टोपीनेच डोळे पुसले. मीही पुसले, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पंधरा दिवसांनी घरात औषधालासुद्धा मुंगी उरली नव्हती. परवाना आला. सोबत तपासणीचा अहवाल, आणि नियम असा की दोन्ही कागद काचेत घालून गिऱ्हाइकाला दिसतील असे लावायचे. खिळा मीच ठोकला, पाणपातळी लावून. इतकी सरळ टांगलेली फ्रेम तुम्हाला अख्ख्या गल्लीत सापडणार नाही. अहवालात सगळीकडे समाधानकारक, समाधानकारक असं आहे. फक्त मधल्या एका रकान्यात, 'उपद्रवाचा स्रोत' याच्यापुढे, बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय: पती.

गिऱ्हाइकं केक बांधून होईपर्यंत तिथेच उभी असतात. दुसरं वाचायला काही नसतं. कालही एक बाई फ्रेमपाशी बराच वेळ थांबल्या, मग हिला दबक्या आवाजात विचारलं, की गेला का हो पूर्ण?

हिने दोरीची गाठ मारली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गेला नाही. पण नियंत्रणात आहे."