गौरी मॅडमच्या पदरातले गहू

आमच्या नातीचा, म्हणजे चि. आरोहीचा सातवा वाढदिवस यंदा ठरल्या तारखेलाच आला. मागचा रविवारी आल्यामुळे शाळेत साजरा होऊ शकला नव्हता आणि त्याबद्दल ती वर्षभर माझ्यावर नाराज होती, जणू वार ठरवायचं खातं माझ्याकडंच होतं. मी पंचायत समितीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. तारखा पुढं ढकलायला मला येतात, वार बदलायला येत नाहीत.

येरमाळ्याच्या हायवेला आरोहीची इंटरनॅशनल शाळा आहे. पार ईट गावापासूनची पोरं तिथं बसनं येतात, म्हणून ती इंटरनॅशनल. ज्या पोराचा वाढदिवस असेल त्यानं मधल्या सुट्टीची घंटा वाजवायची, असा या शाळेत मान आहे. आरोहीला नवा फ्रॉक नको होता, सायकल नको होती. तिला ती घंटा पाहिजे होती. महिनाभर ती घरी परातीवर उलथन्यानं सराव करत होती आणि माझी दुपारची झोप रोज मधल्या सुट्टीत जात होती.

पण घंटा अशी सुखासुखी मिळत नसते. संस्थेचे अध्यक्ष रेवणसिद्ध सर मागं गुडघेदुखीसाठी पुण्याला डॉक्टरकडं गेले होते. नंबर येईपर्यंत त्यांनी तिथलं एक मासिक वाचलं. परत आले ते गुडघे तसेच ठेवून आणि ग्लूटेन डोक्यात घेऊन. लगोलग शाळेत 'आरोग्यदायी वाढदिवस समिती' स्थापन झाली. वाढदिवसाचा खाऊ घरी भाजलेला, पौष्टिक आणि ग्लूटेन-फ्री असावा, आणि त्यात एक भाजी मुलांना कळणार नाही अशी लपवलेली असावी, असा ठराव झाला. खाऊ पास झाला तर घंटा. नापास झाला तर पोरानं जागेवर बसून स्वतःसाठी टाळ्या वाजवायच्या.

आमच्या सूनबाईनं, भुवनेश्वरीनं, मोबाइलमध्ये बघून भोपळ्याचे मफिन करायचे ठरवले.

"मफिन म्हंजे काय गं?" आमच्या मंडळींनी, नागम्मानं, विचारलं.

"वाटीतला केक, आत्या."

"आन् ते ग्लूटेन?"

"गव्हात असतंय. चिकट असतंय."

"ज्वारीत?"

"न्हाय."

"अय्यो, मग जलमभर भाकरी खाल्ली म्या, मला कुणी घंटा वाजवू दिली न्हाय ती!"

नागम्मा उमरग्याकडची. तिकडं कानडी आणि मराठी एकाच तव्यावर भाजतात, त्यामुळे तिचा शब्द लवकर लागतो. सूनबाईनं शांतपणे शाळेत फोन लावला आणि ज्वारीचं पीठ चालेल का म्हणून विचारलं. चालेल, पण त्यावर 'ग्लूटेन-फ्री' असं छापलेलं पाहिजे, असं उत्तर आलं. आम्ही आमची ज्वारी पोत्यातून काढून नीट पाहिली. तिच्यावर काहीही छापलेलं नव्हतं.

शेवटी पुण्याहून मुलानं, महांतेशनं, छापील पीठ पाठवलं. चकचकीत पाकीट, त्यावर हसणारी गोरी बाई आणि मागं बारीक अक्षरात लिहिलेलं: ज्वारी, मूळ उगम मराठवाडा. नागम्मानं पाकीट फोडून वास घेतला.

"आपल्याच हिकडली हाय," ती म्हणाली, "पर प्रवासानं शिळी झालीया."

भट्टीचा प्रश्न सूनबाईनं सोडवला. कुकरमध्ये तळाला मीठ घातलं, शिट्टी आणि रिंग काढली, आत स्टीलच्या वाट्या ठेवल्या. पहिला घाणा दगड झाला. दुसरा वरून जळला आणि आतून ओला राहिला. तिसरा मात्र असा फुलून आला, की नागम्मानंही एक वाटी पालथी घालून खाल्ली आणि "घारग्याची सर न्हाय," असं तोंड भरलेलं असतानाच सांगितलं. आरोहीनं भोपळा स्वतः किसला होता. गूळही तिनंच फोडला होता, निम्मा तोंडात आणि निम्मा भांड्यात.

आम्हाला वाटलं, झालं. पण अजून एक नियम बाकी होता, तसा शाळेचा निरोप आला. ज्या घरात गहू, त्या घरात ग्लूटेन, सबब ते घरच गहूमुक्त असल्याशिवाय तिथला खाऊ ग्राह्य धरता येणार नाही, आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी समितीचा प्रतिनिधी घर तपासायला येईल. निरोप मला मनापासून आवडला. सबब हा शब्द इतक्या योग्य जागी मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी घराचा ताबा घेतला. गव्हाचं पोतं शेजारच्या आबारावांकडं हलवायचं ठरलं. आबाराव पोत्याकडं आणि माझ्याकडं बघत राहिले.

"शिवलिंगप्पा, गहूच हाय नव्हं? का दारू हाय आत?"

"गहूच हाय. तपासणी हाय उद्या."

"मग दारू असती तर बरं झालं असतं. ती कुठं लपवायची ते ठावं हाय सगळ्यांला."

त्यानंतर शेवया गेल्या, रवा गेला, बिस्किटं आम्ही सगळ्यांनी मिळून खाऊन संपवली. भिंतीवरच्या खताच्या कॅलेंडरवर गव्हाच्या ओंब्या होत्या, ते उलटं लावलं. सूनबाईच्या लग्नाच्या वेळच्या माहितीपत्रकात वर्ण 'गव्हाळ' असा लिहिलेला होता, तेही मी ट्रंकेच्या तळाशी घातलं. तपासणी म्हटल्यावर कुठं काय निघेल सांगता येत नाही, हा माझा खात्यातला अनुभव आहे.

रात्री आरोही माझ्या शेजारी येऊन बसली.

"आज्जा, मला घंटा मिळंल का?"

"प्रकरण विचाराधीन हाय."

"म्हंजे व्हय का न्हाय?"

सगळ्या नोकरीत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिला झोप म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गौरी मॅडम स्कूटीवरून आल्या. तरुण बाई, शाळेची निळी साडी, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. बाई मनानं चांगली, पण काम चोख. त्यांनी डबे उघडले, पोळपाटाच्या खाली बॅटरी मारली, जात्याच्या तोंडात बोट घालून बोटाचा वास घेतला. कुकरच्या भट्टीपुढं त्या जरा थबकल्या आणि मग त्यांनी 'शिट्टीविरहित, योग्य' अशी नोंद केली. शेवटी मफिनपाशी आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, हे पिवळे दिसतात. भोपळा लपायला पाहिजे."

"मॅडम, आरोहीला भोपळा लई आवडतो," सूनबाई म्हणाली. "भाजी करा म्हणून मागं लागती."

"म्हणजे तिला माहिती आहे आत काय आहे ते?" मॅडम घाबरल्या. त्यांनी आरोहीला जवळ घेतलं. "बाळा, यात काय आहे, तुला माहिती आहे का?"

आरोहीनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या परातीकडं बघितलं. तिच्या नखांत अजून भोपळ्याचा पिवळा किस होता.

"न्हाय," ती म्हणाली.

"गुणी आहे हो!" मॅडम खूश झाल्या. तिथंच बसून त्यांनी 'घर गहूमुक्त आढळले' असा दाखला लिहिला, खाली सही केली, वेळ घातली. मला एवढं बरं वाटलं, की मी स्वतः जाऊन चहा सांगितला.

चहा झाला. मॅडम उठल्या. आणि नागम्मा म्हणाली, "थांब गं बाई. पयल्यांदा घरात आलीस, तशी कशी जाशील?"

सवाष्ण बाई पहिल्यांदा घरी आली तर तिची ओटी भरल्याशिवाय तिला नागम्मा उंबरा ओलांडू देत नाही. एकदा तर वीजबिलाची थकबाकी आहे म्हणून कनेक्शन तोडायला आलेल्या बाईचीसुद्धा तिनं ओटी भरली होती. त्या बाई रडल्या आणि मग कनेक्शन तोडून गेल्या. तर नागम्मानं हळदकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला. देवघरातून तिनं एक कापडी गाठोडं काढलं, सोडलं, आणि मॅडमच्या पदरात ओंजळी ओतल्या.

गव्हाच्या.

आता गौरी मॅडमचा काय दोष? बाई तुळजापूरच्या. आई भवानीच्या दारात वाढलेली पोर. समोर ओंजळ आली की पदर आपोआप पुढं होतो. त्यांनी ओटी घेतली, नमस्कार केला, आणि रिवाजाप्रमाणे ओटीतले चार दाणे उचलून घराला बरकत राहो म्हणून परत नागम्माच्या हळदकुंकवाच्या ताटात टाकले. ताटाशेजारी मफिनचा डबा उघडा होता. एक दाणा ताटाच्या काठावर आपटला, उडाला आणि तिसऱ्या मफिनच्या डोक्यावर जाऊन बसला.

सगळ्यांनी त्या मफिनकडं बघितलं. गॅसवर चहाचं पातेलं तडतडत होतं.

"आजी," मॅडम हळूच म्हणाल्या, "घरात गहू होते?"

"देवाचे हायेत त्ये. ते घरात धरत न्हायत."

"आत्या!" सूनबाईनं कपाळाला हात लावला.

आरोहीचं तोंड रडवेलं झालं. ते मला बघवेना, आणि मी खात्यात शिकलेलं सगळं गोळा करून पुढं झालो.

"मॅडम, दाखल्यावर सही झाली तेव्हा घर गहूमुक्त होतं. तुमचीच सही हाय, वेळ हाय. त्यानंतर गहू तुमच्या पदरात होता. आन् ताटात टाकला तो तुमच्या हातानं. म्हंजे दाखला दिलेल्या घरात गहू आणला कुणी?"

गौरी मॅडम खाली बसल्या. "मी," त्या म्हणाल्या. "आजोबा, मी आणला."

"मग समितीनंच आणला म्हणायचा."

"पण मग ओटी परत देऊ का?"

"ओटी परत देती व्हय गं?" नागम्मा कडाडली. "अशुभ बोलू नगंस."

मॅडम मफिनचा डबा बंद करून, त्यावर सीलची पट्टी लावून, ओटी रुमालात बांधून निघाल्या. नियमाप्रमाणे डबाही त्यांनीच न्यायचा होता. स्कूटीच्या डिकीत डबा आणि ओटी शेजारीशेजारी बसली. प्रामाणिक बाई. रात्रीत त्यांनी स्वतःविरुद्ध सविस्तर अहवाल लिहिला.

वाढदिवसाच्या सकाळी समितीची तातडीची बैठक लागली. साक्षीदार म्हणून मलाही बोलावणं होतं. सगळे मास्तर समितीवर, त्यामुळे वर्गात कुणी नव्हतं. टेबलावर सीलबंद डबा. गौरी मॅडम कडेला उभ्या. रेवणसिद्ध सरांनी अहवाल दोनदा वाचला.

"मुद्दा गंभीर आहे," ते म्हणाले. "खाऊ गहूमुक्त घरात, पण गहूयुक्त प्रतिनिधीच्या उपस्थितीत. नमुना तपासावा लागेल."

तपासायचं यंत्र शाळेत नव्हतं, सबब जीभ वापरायचं ठरलं. सरांनी एक मफिन खाल्ला, डोळे मिटले. "संशयास्पद," म्हणाले. संशय दूर व्हावा म्हणून दुसरा खाल्ला. गणिताच्या सरांचं मत पडलं, की एका नमुन्यावरून सरासरी काढता येत नाही. मग सगळ्यांनीच सरासरी काढली. भोपळा लपलाय की नाही यावर मतभेद झाले, तेव्हा पुन्हा एक फेरी झाली. मला साक्षीदार म्हणून दोन आले. खोटं कशाला बोलू, उत्तम होते, तुपाचा वास नुसता घमघमत होता. दाणा बसलेला तिसरा मफिन कुणी खाल्ला ते शेवटपर्यंत निष्पन्न झालं नाही.

डबा रिकामा झाल्यावर रेवणसिद्ध सरांनी निकाल दिला. मुद्देमालच उपलब्ध नसल्यामुळे खाऊ पास किंवा नापास ठरवता येत नाही. सबब प्रकरण पुढील वाढदिवसापर्यंत तहकूब. मुलांना पंधरा ऑगस्टची उरलेली क्रीमची बिस्किटं वाटावीत. ती मैद्याची आहेत, असं गौरी मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. पण ती वाढदिवसाची नाहीत, असा खुलासा झाला आणि विषय संपला.

हे प्रकरण मी त्यानंतर पुष्कळांना सांगितलं. पारावर सांगितलं, बसस्टँडवर सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं. लोक पोट धरून हसतात. काय एकेक नग असतात म्हणतात, रेवणसिद्ध सरांना नावं ठेवतात. आणि उठताना हळूच मला बाजूला घेतात. "त्या पिठाच्या पाकिटाचं नाव काय हो? आमच्या हिचं वजन वाढलंय." कुकरमध्ये मीठ किती घालायचं ते विचारतात. गुळाऐवजी खजूर चालेल का, ते विचारतात. आबारावांनी तर आमच्या पोत्यासकट स्वतःचेही गहू पुढच्या घरी हलवले, कारण आता ते सगळं घरच ग्लूटेन-फ्री करणार आहेत.

आरोहीला घंटा मिळाली का, हे मला अजून कुणीही विचारलेलं नाही.

मिळाली नाही. तिनं घेतली. आम्ही सगळी जाणती माणसं आत तोंड पुसत होतो, तेव्हा ती बाकावर चढली, आणि परातीवर महिनाभर केलेला सराव तिनं दोन्ही हातांनी त्या घंटेवर काढला. मधल्या सुट्टीचे टोल किती आणि शाळा सुटायचे किती, हे तिनं मोजलं नाही. सगळी शाळा दप्तरं उचलून हायवेला बसमध्ये जाऊन बसली. ईटची पोरं जेवणाआधी ईटला पोचली.

घंटेला आता कुलूप आहे. पोरगी मात्र लई खूश आहे, आणि पीठ कुठलं होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही.