तोल शाबूत असल्याचा दाखला

एका मंगळवारी सकाळी घड्याळजींनी अंथरुणात कूस बदलली आणि छताचा बंद पंखा फिरू लागला. पंख्यापाठोपाठ छत निघालं, छतापाठोपाठ कपाट. घड्याळजींनी गादीची कड दोन्ही हातांनी गच्च धरली आणि बायकोला हाक मारली. ती धावत आली, तर तीही फिरत होती.

एकाहत्तराव्या वर्षी चक्कर येणं ही काही बातमी नव्हे. पण घड्याळजींना एक मुलगा होता, आणि त्या मुलाने कंपनीच्या खर्चाने सुरक्षेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. झालं! त्याने दुकानाची किल्ली खुंटीवरून काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"बाबा, रस्त्यात पडलात म्हणजे? तोल शाबूत असल्याचा दाखला आणा आणि किल्ली घेऊन जा."

"अरे, बसून तर काम करतो मी!"

"दाखला," मुलगा म्हणाला आणि कामावर गेला.

पंचेचाळीस वर्षं घड्याळजी सकाळी नऊच्या ठोक्याला दुकानाचं शटर वर करत आले होते. दुकान ते केवढं? एक काउंटर, एक स्टूल आणि भिंतीवर एकोणीस घड्याळं. पण तिथे त्यांना कुणी 'सावकाश हं' म्हणत नसे. घरात उठता-बसता म्हणत. किल्ली गेली आणि आपण म्हातारे झालो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. फार वाईट वाटलं त्यांना, अगदी रडू येण्याइतकं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घड्याळजींची मान इकडे वळवली, तिकडे वळवली, डोळ्यांत पाहिलं.

"कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो कुरकुरतोय. घाबरू नका. साधे व्यायाम आहेत, त्याने सुधारतं."

"मग सांगा की!"

डॉक्टर दचकले. "मी? छे छे, त्याला स्वतंत्र संतुलन विभाग आहे. तिसरा मजला."

लिफ्टच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर पाटी: 'जिना चढणे आरोग्यास हितकारक'. घड्याळजी कठड्याला मिठी मारत, प्रत्येक वळणावर देवाचं नाव घेत आणि विभागाचा उद्धार करत वर पोहोचले. टेबलामागे कारकून होता.

"डोळे मिटा आणि एका पायावर उभे राहा. तीस सेकंद."

"ते जमलं असतं तर आलो असतो कशाला?"

"सगळे हेच म्हणतात," कारकून प्रेमाने म्हणाला. "पण प्रवेश परीक्षा आहे. तोल जाणाऱ्यांना व्यायामाच्या वर्गात घेता येत नाही."

नियमाला इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी वर्गात एक आजोबा पडले. लागलं काही नाही. उठले, कपडे झटकले आणि चहा मागितला. पण पडणं ते पडणंच, तेव्हा चौकशी समिती बसली. हातवाल्या खुर्च्यांत आठ महिने बसून समितीने शोध लावला की, सदर इसमाचा तोल मुळातच बिघडलेला असल्यामुळे सदर इसम पडला. सबब अशा इसमांना वर्गात प्रवेश देऊ नये. तेव्हापासून वर्गात कुणी पडलं नव्हतं, आणि कपाटावर त्याबद्दलची ढाल झळकत होती.

काचेपलीकडे वर्ग चालू होता. एक निवृत्त कवायत मास्तर, एक रोज टेकडी चढणाऱ्या बाई आणि असेच आणखी सातआठ ठणठणीत जीव जमिनीवरच्या रेघेवरून टाचेला चवडा लावत चालत होते. मास्तर तर मध्येच हौसेने उलटे चालून दाखवत होते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं!

घड्याळजींचं टाळकं सरकलं. "मी फक्त चालू घड्याळंच दुरुस्तीला घेतली असती तर?"

कारकुनाने खरोखर विचार केला. "तर तुमच्याविरुद्ध एकही तक्रार आली नसती."

नापासांसाठी प्रतीक्षा कक्ष होता. तिथे आठवड्यातून तीनदा मान न हलवता बसायचं आणि आपोआप बरं व्हायचं. शेजारच्या खुर्चीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई असत. न्हाणीघरात दोनदा पडल्या होत्या, मनगट अजून सुजलेलं होतं, आणि घरात त्या एकट्याच. मान वळवायला बंदी, म्हणून दोघं समोरच्या भिंतीशीच बोलत.

"भाऊ, तुम्हाला काही उपाय सापडला तर मला सांगाल ना?"

"सांगणार म्हणजे काय, ताई! शब्द देतो."

तीन आठवडे असे पुतळ्यासारखे बसून घड्याळजींची चक्कर दुप्पट झाली. एकदा ते जिना उतरत असताना वर्ग घेणाऱ्या व्यायामताईंनी मागून येऊन त्यांचा दंड धरला.

"आजोबा, हे बसून राहणं सोडा आधी. घरी ओट्याला धरून उभे राहा, आजींना शेजारी उभं करा. अंगठा डोळ्यांसमोर धरा. नजर अंगठ्यावर, आणि मान डावीकडे, उजवीकडे. थोडं गरगरेल. गरगरू द्या, मग थांबा. रोज करायचं."

"बास? एवढंच? मग त्या कक्षात का नाही सांगत?"

"परवानगी नाही. वर्गात सांगते, पण तिथे कुणाला गरज नसते." ताई हळूच म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नका हं."

घड्याळजी ओट्याशी उभे राहिले. बायको दोन्ही हात पसरून शेजारी.

"चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक बोलण्याला अशीच नकाराची मान हलवलीत," ती म्हणाली, "तेव्हा नाही हो कधी चक्कर आली!"

पहिले काही दिवस भयंकर गेले. मग ओटा जागेवर राहू लागला, मग भिंती, आणि सहाव्या आठवड्यात बायकोसुद्धा. घड्याळजी तिसरा मजला चढले, डोळे मिटले आणि एका पायावर एकतीस सेकंद उभे राहिले.

"अभिनंदन!" कारकून म्हणाला. "तुम्ही आता उपचाराला पात्र आहात."

वर्गात बारा वेळा रेघेवरून चालून त्यांनी उपचार पूर्ण केले. दाखल्याआधी एका हमीपत्रावर सही हवी होती: 'मी केवळ विभागाच्या उपचारांनी बरा झालो आहे. विभागाबाहेर कोणालाही व्यायाम सांगितल्यास दाखला रद्द होईल व घरी कळवण्यात येईल.' घड्याळजींनी ते दोनदा वाचलं. मग किल्ली आठवली आणि त्यांनी सही केली.

मुलाने दाखला उजेडात धरून शिक्का तपासला आणि किल्ली परत केली. दुसऱ्या दिवशी नऊला शटर वर गेलं. एकोणीसच्या एकोणीस घड्याळं बंद होती. घड्याळजींनी एकेकाला चावी देताना लहान मुलासारखी शीळ घातली.

चौथ्या दिवशी त्या शिवणकामवाल्या बाई आल्या. भिंत धरत, काउंटर धरत. कपाळाला नवी पट्टी होती.

"भाऊ, बरे झालात की हो तुम्ही! देव पावला. काय केलंत? शब्द दिला होता तुम्ही मला."

घड्याळजींचा उजवा हात उठला. अंगठा जवळजवळ डोळ्यांसमोर आला. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर टांगलेल्या दाखल्याकडे गेली. व्यायामताईंची नोकरी जाईल बिचारीची, असा थोर विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या विचाराच्या आडोशाने हात खाली खिशात गेला. किल्ली तिथेच होती.

"विभागात जा, ताई," ते म्हणाले. "तिसरा मजला. सावकाश हं."

वाचकहो, घड्याळजींना खुशाल शिव्या घाला, त्यांची तीच लायकी आहे. फक्त त्याआधी आपलाही खिसा चाचपा, आणि त्यातली किल्ली कुठल्या गोष्टीबद्दल गप्प बसल्यामुळे मिळाली, तेवढं आठवून बघा.