राव सारांची तीन मिनिटं

राव सार लोकांना फोन करून विचारतात, "तुम्ही गेलात काय?"

हा फोन संध्याकाळी येतो, कंपनीची बस पूनमल्लीच्या सिग्नलला अडकलेली असताना. अकाउंट्सचे मॅनेजर म्हणतात, गेलो, अर्धा रस्ता झाला. मग दुसरा प्रश्न येतो: "मग सांगितलंत का नाही?" सांगायचं असतं ते सर्व्हरला. मॅनेजर लॉगआउट न करताच उठलेले असतात. उत्तर काहीही आलं तरी राव सार शेवटी एवढंच म्हणतात, "सरि, बरं. उद्यापासून सांगून जायचं," आणि फोन ठेवतात. एकदा त्यांनी हा फोन जनरल मॅनेजरना केला. ते मुलीच्या साखरपुड्यात होते. त्यांनी म्हणे पाहुण्यांसमोर माफी मागितली.

आमची फॅक्टरी इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. तिथला सर्व्हर राव सार, म्हणजे आपल्याकडचे राव सर, सांभाळतात. राहतात आवडी नावाच्या गावात, एकटेच. तंजावरकडचे मराठी. घराणं तमिळ मुलखात येऊन काही शतकं झाली, तरी मी जालन्याची आहे हे कळल्यावर 'आमच्या गावची' म्हणून त्यांनी माझी सगळ्यांशी ओळख करून दिली. त्यांचं मराठी जुनं, तमिळच्या चालीवर हेलकावे खात येतं. माझं त्यांना बातम्यांसारखं वाटतं. "काय अम्मा, आज बातमी काय?" असं विचारूनच आमचं बोलणं सुरू होतं.

सर्व्हरबद्दल ते माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. तुम्ही स्क्रीन तशीच टाकून उठलात, त्याला कसं कळणार? तो बसतो वाट बघत, तुमचं पान उघडं ठेवून. किती वेळ वाट बघायची, तो आकडा एका फाइलीत लिहिलेला असतो, आणि त्या फाइलीला राव सारांखेरीज कोणी हात लावत नाही. तेवढा वेळ उलटला की सेशन संपतं आणि माणूस बाहेर.

त्या आकड्यावरूनच आमचं भांडण झालं. ऑफिसातल्या लोकांना अर्धा तास होता. कॅन्टीनबाहेर कामगारांसाठी एक कॉम्प्युटर ठेवलाय, रजा आणि तक्रारी टाकायला. त्याला तीन मिनिटं.

मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी पत्रक मिळायचं. साहेबाला अर्धा तास आणि कामगाराला तीन मिनिटं, हे कळल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

त्यात सेल्वीचं प्रकरण. ती पॅकिंगमध्ये कंत्राटावर होती. तिच्या सुपरवायझरनं पद्धतच पाडली होती: आधी कार्ड मारून बाहेर पडल्याची नोंद करायची, मग परत येऊन काम करायचं, म्हणजे ओव्हरटाइम लागत नाही. सेल्वीला याची तक्रार करायची होती. महिनाअखेर तिचं कंत्राट पुढे चालवायचं की नाही हे तोच सुपरवायझर ठरवणार होता. त्याआधी तक्रार हेड ऑफिसला पोचली, तरच तिचं कोणी ऐकलं असतं. फोन गेटवर जमा होतात, म्हणून लिहायचं ते त्या एकाच कॉम्प्युटरवर. ती एका बोटानं टाइप करायची. आपण टाइप करतोय हे सर्व्हरला दिसत नाही. बटण दाबेपर्यंत त्याच्या लेखी आपण गप्पच. चार ओळी होईतो पान गेलेलं असायचं.

मी पत्रक काढलं. सेशन टाइमआउटवरचं ते बहुधा पहिलंच असावं. शीर्षक होतं 'तीन मिनिटांची हुकूमशाही'. पहिली प्रत राव सारांना दिली. त्यांनी ती उभ्यानं पूर्ण वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"चांगलं लिहिलंय. कुठं उघडं टाकू नका."

आकडा वाढवणार का? नाही. मग अर्धवट मजकूर आपोआप साठवू या? साठवलेलं पुढे कोण वाचेल हे आपल्या हातात नाही, म्हणाले. मी त्यांना व्यवस्थापनाचा माणूस म्हटलं. आणखीही दोन-तीन शब्द वापरले, जे बोलण्यापेक्षा छापून बरे दिसतात. राव सारांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला बसायला लावलं.

आधीच्या फॅक्टरीत त्यांनी सगळ्यांनाच अर्धा तास ठेवला होता. आयता आलेला आकडा, बदलायचा कशाला. तिथं एक बाई तक्रार लिहीत होती. भोंगा झाला, ती तशीच उठून कामावर गेली. तिच्या खुर्चीवर पुढे जो येऊन बसला, तक्रार त्याच्यावरच होती.

"दुसऱ्या दिवशी गेटवर तिचं कार्ड चाललं नाही," राव सार म्हणाले. "ते बंद करायचं काम मलाच सांगितलं होतं, अम्मा. मी केलं. कोणाचं, कशाला, विचारलं नाही."

मी पत्रकाच्या उरलेल्या प्रती पिशवीत परत घातल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत राव सार दहीभाताचा डबा घेऊन कॅन्टीनपाशी आले. आकडा त्यांनी त्या सुट्टीपुरता वाढवला होता. सेल्वीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्या मागे, स्क्रीनकडे पाठ करून उभे राहिले. राव सार अंगानं रुंद आहेत. तोवर याचा कोणाला काही उपयोग झाला नव्हता.

थोड्या वेळानं तोच सुपरवायझर आला. त्याला रजा टाकायची होती. तो डावीकडून डोकावला, राव सार डावीकडे सरकले. तो उजवीकडे गेला, तेही गेले. किती वेळ लागेल, त्यानं विचारलं. आज सर्व्हर फार हळू आहे, राव सार म्हणाले. सर्व्हरबद्दल इतकं वाईट बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. सुपरवायझर कंटाळून जेवायला गेला.

सेल्वीचं लिहून झालं. बटण दाबण्याआधी ती थांबली आणि तमिळमध्ये म्हणाली, "सार, बरोबर लिहिलंय का, एकदा बघता?"

राव सार वळले नाहीत.

"मी नाही बघायचं, अम्मा. पाठव."

माउसचा आवाज झाला. जरा वेळानं तिनं हळूच सांगितलं, पोचली.

तिला त्यांची फक्त पाठ दिसत होती. मी समोर उभी होते, मला चेहरा दिसत होता. डबा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, न उघडलेला. मीही त्यांच्याकडे पाठ करून कॅन्टीनच्या फळ्याकडे तोंड केलं आणि आज सांबाराबरोबर कुठली भाजी आहे ते बराच वेळ वाचत राहिले.