मामांचं बिनफ्रेमचं घर

माझ्या मामांकडे चहा प्यायचा तर मान वाकवून प्यावा लागे. बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली, आणि तिच्यावर कपड्यांऐवजी चिमट्यांनी लावलेली चित्रं. कप तोंडाला लावला की एखादी म्हैस येऊन कपाळाला टेकायची. तिला जरा बाजूला सारलं की आतून आवाज यायचा, "हात न्हाई लावायचा! डोळे हायत का बटनं?"

हे नारायणमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ. राजूरला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. भोकरदन तालुक्यातले निम्मे देव आणि झाडून सगळे दिवंगत याच दुकानातून काच लावून बाहेर पडले असतील. आणि या माणसाच्या स्वतःच्या घरात फ्रेम एकच, ती मामींच्या फोटोची. बाकी एकाही कागदाला चौकट नाही, काच नाही. कारण विचारलं की उत्तर तयार असायचं.

"फ्रेममंधी दोघंच ऱ्हातात. देव न् मेलेले. जित्याचं तिथं काय काम?"

एकदा एक नवं जोडपं लग्नाचा फोटो घेऊन दुकानात आलं. मोठी फ्रेम हवी, सोनेरी काठ हवा, खर्चाची फिकीर नव्हती. मामांनी फोटो पाहिला, मग त्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "इतकी घाई काहून?" ते बिचारे तसेच उठून समोरच्या दुकानात गेले. मी तिथंच स्टुलावर बसलो होतो. म्हटलं, "मामा, तुम्ही धंदा करता की भांडण?" तर म्हणाले, "दोन्ही बराबर चालू हाय." मी चहा अर्धा टाकून निघून आलो.

राग ही आमच्या आजोळची देणगी आहे. मी जालन्याला शाळेत शिक्षक आहे आणि माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. पण मामांसमोर माझा राग म्हणजे पोरखेळ.

ती चित्रं मामांची एकुलती एक मुलगी ज्योती हिची. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर येऊन पोचले होते. ज्योतीनं बारावीनंतर भोकरदनला डीटीपीचा कोर्स केला आणि तिथल्याच एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवायच्या कामाला लागली. काम संपलं की ती त्याच कॉम्प्युटरवर माऊस फिरवून चित्रं काढायची. राजूरचा स्टँड, उन्हात मिरच्या पसरणाऱ्या बाया, गोठ्यातली म्हैस, हातोडी घेऊन कोणावर तरी ओरडणारे मामा. कागद आपला आणला तर रंगीत प्रिंट काढायला मालकाची ना नव्हती. दर शनिवारी ती दोनचार कागद घेऊन घरी यायची, आणि मामा ते ताज्या भाकरीसारखे दोन्ही हातांवर धरून आत न्यायचे.

मग ते लावायचे कसे, यावर आठवडाभर डोकं चालायचं. ज्वारीच्या धांड्याला मधोमध चीर पाडून कागदाची वरची आणि खालची कड त्यात बसवायची, की झाला नकाशासारखा लोंबता फलक. जुन्या सुपात एक चित्र, पिठाच्या फुटक्या चाळणीच्या कड्यात एक. बिघडलेल्या रेडिओंच्या स्पीकरमधले काळे लोहचुंबक जमवून त्यांनी धान्याची अख्खी पत्र्याची कोठी चित्रांनी मढवली होती, आणि गहू काढायला झाकण उघडलं की ज्योतीचा स्टँड मधोमध दुमडायचा. सायकलची एक रिम छताला आडवी टांगून आऱ्यांना दोऱ्यानं चित्रं बांधली होती. पंखा लावला की ती सगळी गोल फिरायची. एका दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना त्यातली एक मिरचीवाली बाई सुटून थेट माझ्या बायकोच्या वरणात पडली. बायकोनं दचकून जीभ चावली, मी ताट सारलं. मामा मात्र चित्रावरचं वरण पुसत तिच्यावरच खेकसले, "सूनबाई, जरा सरकून बसता येत न्हाई?" बायको त्यानंतर वर्षभर राजूरला आली नाही.

शिवाय चित्रांच्या बदल्या व्हायच्या. एखाद्या पाहुण्यानं नीट पाहिलं नाही तर दोष पाहुण्याचा, पण एखाद्या चित्राकडे कोणीच पाहिलं नाही तर दोष चित्राचा. "याचं ध्यान न्हाई कामात," असं म्हणून ते मोरीच्या दाराला लावायचे. पंधरा दिवसांनी दया आली की परत बैठकीत.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण ज्योतीला चोविसावं लागलं होतं आणि तिचं लग्न जमत नव्हतं. आई रोज मला टोचायची, "माझ्या भावाला बायको न्हाई, पोरीचं तूच बघ." म्हणून दोन वर्षं मी स्थळं शोधत होतो. आमच्याकडे मुलगी पाहायला लोक येतात तेव्हा भिंतीवर तिच्या हातचं काहीतरी लावतात. मण्यांचा गणपती, लोकरीचा पोपट, काचेमागं भरतकाम. पाहुणे म्हणतात, पोरीनं केलं का, आणि बोलणं सुरू होतं. मामांच्या घरात आलेला पाहुणा आधी दोरीला गळा अडकवून घ्यायचा आणि मग बोलणं सुरू होण्याऐवजी संपायचं.

शेवटी मंठ्याचं एक स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात क्लार्क, घर चांगलं, शेती चांगली. मी आधीच्या रविवारी जाऊन मामांना हात जोडले. "एक दिवस दोरी सोडा. एकच दिवस."

"बिलकुल न्हाई."

"लोक हसतात, मामा."

"हसू दे. दात त्यांचे."

माझं डोकं फिरलं. मी काय केलं, तर निघताना त्यांच्या नकळत तीन चित्रं पिशवीत घातली आणि जालन्याला नेऊन त्यांना झकास फ्रेमा करून आणल्या. सोनेरी काठ, स्वच्छ काच. पाहुण्यांच्या दिवशी मामा सकाळी दुकानात होते. मी दोरी सोडली, रिम उतरवली, कोठीवर चादर टाकली आणि त्या तीन फ्रेमा समोरच्या भिंतीला ठोकल्या. ज्योती वडिलांना दादा म्हणायची. ती म्हणाली, "भाऊ, दादाला न विचारता कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या दादाला विचारत बसलो तर तू म्हातारी होशील."

पाहुण्यांची जीप आणि मामा एकदमच दारात आले. मुलगा, त्याचे आई-वडील आणि मामा, सगळे आत शिरले. खोली माणसांच्या खोलीसारखी दिसत होती. मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात मामांची नजर भिंतीवर गेली.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. रागानं लाल झालेले मामा मी हजारदा पाहिले होते, पांढरे कधी नाही. पाहुण्यांना या-बसा न म्हणता ते भिंतीपाशी गेले, तिन्ही फ्रेमा ओढून काढल्या आणि जमिनीवर मांडी घालून मागचे खिळे उपसायला लागले. "कोणी केलं हे? जितीजागती पोरगी हाय माझी! तिला काचंमंधी कोणी घातलं?" आणि त्या अवस्थेतही, "कोपरे बघ! फट बघ किती हाय! असल्या हातानं फ्रेमा करून राह्यलेत लोक!"

मी पुढं होऊन काहीतरी सारवासारव केली. ज्योती पोहे घेऊन आली. मुलाच्या वडिलांनी खाली पडलेला एक कागद उचलून पाहिला.

"हे पोरीनं काढेल हाये का?"

"तिनंच," मी म्हणालो.

"पर हे तं छापेल दिसून राह्यलं."

"कॉम्प्युटरवर काढलं, मग छापलं," ज्योती हळू म्हणाली.

"मंग मशीननं काढलं म्हना की. पोरीचं त्यात काय?"

मामांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "तुमच्या दारात रांगोळी कोण काढतं? घरची बाई काढती का रांगोळीचा डबा काढतो?"

मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडं हे कागदं टांगायचं चालायचं न्हाई. अन् लग्नानंतर कामाला बी जायचं न्हाई. आधीच सांगितलेलं बरं."

"बराबर," मामा म्हणाले. "उठा."

"मामा!" मी ओरडलो.

"जल्दी उठा. पोहे खायचे तं खाऊन उठा."

ते पोहे न खाता उठले. जाताना मुलानं दारातून वळून ज्योतीकडे ओशाळून पाहिलं, एवढाच काय तो त्याचा सहभाग. जीप गेली. ज्योतीनं पाहुण्यांची एक बशी उचलली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पोहे खायला सुरुवात केली. तिच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं आणि माझा उरलासुरला तोल गेला.

मी त्या दिवशी मामांना जे बोललो ते भाच्यानं मामाला बोलू नये. म्हटलं, तुम्ही माणूस आहात की कोण. तुमच्या चिंध्या, तुमची सुपं, तुमच्या चाळण्या, यांच्यापुढं पोरीचा संसार तुम्हाला दिसत नाही. दोन वर्षं मी लोकांच्या पायऱ्या झिजवल्या. खरं सांगा, तुम्हाला पोरीचं लग्न करायचंच नाही!

मला वाटलं, आता पक्कड अंगावर येणार. पण मामा मोकळी केलेली तिन्ही चित्रं मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. काचेचे कागदावर उमटलेले डाग शर्टाच्या बाहीनं पुसायला लागले.

"तुझी मामी गेली," ते म्हणाले, "तव्हा तिचा फोटो मीच बसवला. वीस वर्षं काच कापून राह्यलो व्हतो, हात कधी हालला न्हाई. त्या दिवशी तीन काचा फुटल्या. चौथी बसली. ती बसली न् मंग मला कळलं, की आता ही उठायची न्हाई. तव्हर मला खरं वाटलंच न्हव्तं. ज्योती तव्हा सात वर्साची. मला म्हन्ली, दादा, आईला बाहेर काढ, तिला गरम व्हत आसंल."

उंबऱ्यावर बशीतला चमचा थांबला होता.

"हिचं काही बी काचंमागं दिसलं का, माझं काळीज जागेवर ऱ्हात न्हाई. मला हालतं लागतं ते. वाऱ्यानं हालू दे, पंख्यानं हालू दे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "मी चुकलो का रे?"

एवढा वेळ पेटलेला माझा राग आता कोणावर काढावा हेच मला कळेना. "चुकलात," मी म्हणालो. मग म्हणालो, "मीही चुकलो. ते लोक तसेही बरे नव्हते."

"दुसरं बघ. बघायचं सोडू नको. पोरीला घरात बसवून ठिवायची न्हाई मला." ते पुन्हा बाही फिरवायला लागले, जिथं डाग नव्हता तिथंही. "पन जवळचं बघ. मंठा लई लांब पडतं."

"जवळचं म्हणजे किती जवळचं, मामा?"

त्यांनी बराच वेळ हिशेब केल्यासारखी बोटं मिटली, उघडली. ज्योती आमच्याकडे पाठ करून बसली होती, आणि ते तिच्या पाठीकडे पाहत होते.

"सासरी कोणी काही बोललं, न् ही रागावून भर दुपारी पायीच निघाली," मामा म्हणाले, "तं अंधार पडायच्या आत हितं पोचली पाह्यजे. तेवढं जवळचं."