ओरेस्ट बाहेर गेला की गोल होतो

त्या संध्याकाळी ओरेस्ट पानास्युकने गाडीची वायर सामना संपल्यावर लावली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाला अवदसा आठवते ती अशीच. टीव्हीवर आइस हॉकीच्या सामन्याचा दुसरा भाग चालू होता, त्याचा लाडका संघ बॅजर्स नेहमीप्रमाणे मार खात होता, आणि ओरेस्टला वाटलं, हे बघत बसण्यापेक्षा गाडी प्लगला लावून यावं. (मॅनिटोबातल्या नोव्हेंबरात इंजिनाला रात्रभर विजेची ऊब दिली नाही, तर सकाळी ते ढिम्म हलत नाही. तसा ओरेस्टही हलत नाही, पण त्याला प्लग नाही.)

तो सपातांवरच बाहेर गेला, वायर खोचली, आणि घरातून अशी आरोळी उठली की त्याला वाटलं, सासूबाई पडल्या. धावत आत आला. बायको, डारिया, चक्क सोफ्यावर उभी होती.

"गोल! अरे काय गोल मारला! बघितलास का?"

"मी बाहेर होतो ना!"

"हात्तिच्या! बरं, बस आता."

तो बसला. बूड टेकतं न टेकतं तोच समोरच्यांनी गोल केला.

सासूबाई स्टेफा कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत विणत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढची बाई, पण नजर घारीची. त्यांनी सुया थांबवल्या आणि चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, वायर नीट लागली का हो?"

"लागली की."

"मला वाटतं सैल राहिली असेल. बघून या जरा."

ओरेस्ट कुरकुरत उठला. वायर घट्ट होती. तो तिला हात लावून खात्री करतोय तोच घरातून दुसरी आरोळी. त्याने दार ढकललं तर आतून कडी.

"कोण जिंकतंय? उघडा की! कान गळून पडतील माझे!"

"तिथेच थांब!" दोघी एकदम ओरडल्या.

त्या दिवशी बॅजर्स जिंकले. ओरेस्टला आत घेतलं ते समोरचा संघ बर्फावरून उतरल्यावर, आणि त्याच्या हातात गरम सूप देताना सासूबाईंनी निकाल सांगून टाकला, "पांढऱ्या पायाचा आहे हा. आधीच कसं लक्षात आलं नाही आपल्या?"

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बॅजर्स म्हणजे ओरेस्टचा जीव की प्राण. वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने पहिला सामना पाहिला होता, आणि त्याच्या अख्ख्या आयुष्यात या संघाने एकदाही कप जिंकला नव्हता. दरवर्षी ऑक्टोबरात आशा, मार्चमध्ये शिव्या. ओरेस्टला ना मोठं घर हवं होतं, ना नगरपालिकेच्या पाणीखात्यात बढती. कप जिंकून देणारा तो एक गोल, तो होत असताना, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, बस्स! आणि आता त्याच माणसाला सामना बघायची बंदी झाली होती.

बरं, तक्रार करायचीही सोय नव्हती, कारण हे खूळ घरात त्यानेच आणलेलं. एका वर्षी डारियाने केस कापले आणि बॅजर्स हरले. तेव्हापासून हंगामभर तिच्या केसांना कात्री लावायची नाही. सासूबाईंनी मऊ खुर्चीत बसायचं नाही, कारण त्या तिथे बसलेल्या असताना एकदा गोलरक्षकाचा पाय मुरगळला होता. सामन्याच्या दिवशी जेवायला पेरोगी (उकडलेल्या करंज्याच म्हणा), त्याही बटाट्याच्याच. चीज घातलं तर आपल्या खेळाडूंना पेनल्टी पडते. दोघींनी हे सगळं वर्षानुवर्षं मुकाट सोसलं होतं.

"अगं, हा निव्वळ योगायोग आहे!" ओरेस्ट म्हणाला.

"असं? आणि माझे केस काय होते?" डारियाने विचारलं.

त्याने टोपी घातली आणि फावडं घेऊन बाहेर गेला.

अख्खा हिवाळा तो बाहेर होता. आधी स्वतःच्या दारातला बर्फ उपसला, मग शेजारच्या विल्मर थीसनच्या, मग पलीकडच्या म्हातारीच्या. बॅजर्स जिंकत सुटले आणि त्या गल्लीत बर्फ ठरेना. सुरुवातीला शेजारी "केवढा हा सज्जन माणूस" म्हणून हळहळले. मग डारियाने खरं कारण सांगितलं, आणि त्यानंतर त्यांची हळहळ जी आटली ती आटलीच. संघ मागे पडला की पानास्युकांकडे फोन खणखणायचा, "ओरेस्ट आत आलाय का हो? मग काढा की त्याला बाहेर! बघताय काय?"

एकदा त्याने गाडीत बसून हळू आवाजात रेडिओ लावला. लागोपाठ तीन गोल खाल्ले बॅजर्सनी. घराचं दार उघडलं आणि सासूबाई ओव्हरकोट, बूट, डोक्याला रुमाल अशा सगळ्या जामानिम्यासह आल्या. शेजारच्या सीटवर बसल्या. रेडिओ बंद केला. मग हात पुढे केला, आणि ओरेस्टने त्या हातावर गाडीची किल्ली ठेवली. मोबाइल आधीच डारियाच्या ॲप्रनच्या खिशात गेलेला होता.

ईस्टरला, चर्चमध्ये सणाच्या जेवणाच्या टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर, त्याने फादर तारास यांना गाठलं.

"फादर, ही अंधश्रद्धा आहे की नाही? तुम्हीच सांगा."

"शंभर टक्के अंधश्रद्धा. चर्चला हे बिलकूल मान्य नाही, बाळा."

"मग या दोघींना चार शब्द सुनावा ना!"

फादरनी इकडेतिकडे पाहिलं, झग्याच्या आत घातलेला बॅजर्सचा मफलर जरा खाली दाबला आणि म्हणाले, "सुनावतो की. जूनमध्ये सुनावतो. कप एकदा येऊ दे."

ओरेस्टने कपाळावर हात मारला. देवाच्या दारातही त्याची ही किंमत!

आणि बॅजर्स काही हरेनात. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. बर्फ वितळून चिखल झाला, तेव्हा ओरेस्टने कुंपण रंगवलं. चिखल वाळून गवत आलं, तेव्हा गवत कापलं. जून उजाडला, आणि बॅजर्स अंतिम फेरीच्या शेवटच्या, निर्णायक सामन्यापर्यंत पोचले. हिवाळ्यात निदान डास तरी नसतात हो! जूनमध्ये मॅनिटोबात उघड्यावर उभं राहणं म्हणजे रक्तदान शिबिरच, फक्त बिस्किट मिळत नाही.

त्या संध्याकाळी डारियाने त्याच्या हातात पेरोगीची ताटली दिली आणि गालावरून हात फिरवला.

"आजचाच दिवस, ओरेस्ट."

"डारिया, चाळीस वर्षं वाट बघितली मी या दिवसाची. दारातून बघतो. एका डोळ्याने बघतो. अगं, आरशातून बघतो हवं तर!"

ती क्षणभर विरघळली. तेवढ्यात आतून सासूबाई गरजल्या, "सामना सुरू होतोय! तो गेला का?"

दार बंद झालं. कडी लागली. पडदेसुद्धा ओढले गेले.

ओरेस्ट अंगणात बसला. पेरोगी गार झाल्या. ऊन उतरायचं नाव घेईना. गल्लीतल्या घराघरांतून ओरडण्याचे आवाज येत होते, आणि त्यावरून त्याला एवढं कळलं, की बॅजर्स एका गोलने पुढे आहेत आणि तिसरा भाग संपत आलाय. तेव्हा मात्र त्याच्या आत काहीतरी तुटलं. खड्ड्यात गेले सगळे! आता काय बिघडणार आहे? जिंकलेच की!

तो वाकून वाकून विल्मरच्या अंगणात शिरला, रुबार्बच्या वाफ्यात उभा राहिला आणि खिडकीच्या कोपऱ्याला नाक लावलं. विल्मर एकटा माणूस. टीव्हीसमोर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. ओरेस्टने कित्येक महिन्यांनी चालू सामना पाहिला. ते पांढरंशुभ्र मैदान, ती काळी चकती! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसेपर्यंत समोरच्यांनी गोल केला आणि बरोबरी झाली.

तिथून पळायला हवं होतं. पण पाय निघेना. जादा वेळ सुरू झाला. आता पहिला गोल करील त्याचा कप. डास मानेवर, कानांवर, पापण्यांवर बसले. ओरेस्टने एकालाही मारलं नाही, कारण आवाज झाला असता. इतक्यात अख्ख्या गल्लीत एकच गलका उठला, आणि त्यात सगळ्यात वरचा आवाज त्याच्या स्वतःच्या घरातला. पण विल्मर तर शांतपणे बी फोडतोय! काहीतरी थोडक्यात हुकलं असेल, असं ओरेस्टला वाटलं. आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर सोळा नंबरच्या पोऱ्याने चकती घेतली, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि गोलरक्षकाच्या खांद्यावरून ती जाळीत!

ओरेस्टने जी किंकाळी फोडली, तिने विल्मरच्या मांडीवरचा बियांचा वाडगा उडाला. रुबार्ब तुडवत, कुंपणावरून उडी मारत (उडी म्हणजे, पँट अडकून पलीकडे पडणे) तो घरी पोचला. दार उघडं होतं, आत दोघी नाचत होत्या.

"मी बघितला!" तो ओरडला. "मी बघत असताना गोल झाला! मी पांढऱ्या पायाचा नाही!"

नाच थांबला. त्याचा चेहरा डासांनी भोपळ्याएवढा केला होता, त्यामुळे तो कोण हे ओळखायलाच जरा वेळ गेला.

"कुठे बघितलास?" डारियाने विचारलं.

"विल्मरच्या खिडकीतून!"

"थांबा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आधी कोण ओरडलं? आम्ही की तुम्ही?"

"तुम्ही. पण..."

मागोमाग विल्मर आला, शर्टावरून बियांची टरफलं झटकत. "माझं इंटरनेटवरून येतं ना," तो दिलगिरीच्या सुरात म्हणाला. "तुमच्यापेक्षा अर्धा मिनिट उशिरा दिसतं सगळं."

सासूबाईंनी मान डोलावली. "म्हणजे गोल आधीच झाला होता. यांनी शिळा बघितला. आणि खिडकीत कधीपासून होता म्हणे?"

"तिसऱ्या भागाच्या शेवटी..." ओरेस्ट बोलला आणि त्याने जीभ चावली.

"ती बरोबरी!" डारिया किंचाळली. "ती तुझ्यामुळे!"

"अगं, ती पण अर्धा मिनिट आधीच झाली असणार की!"

"ते वेगळं," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

मिरवणुकीला त्याला नेलं नाही. उगाच कुणाच्या हातून कप पडायला नको, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

पुन्हा हिवाळा आला, तळं गोठलं, आणि गल्लीने वर्गणी काढून ओरेस्टला भेट दिली. बर्फावर बसून मासे धरायचं लाकडी खोपटं, बॅजर्सच्या रंगात रंगवलेलं, आत छोटी शेगडी, दारावर पितळी पट्टी: 'ओरेस्टला, कृतज्ञ शेजाऱ्यांकडून.' फादर तारास यांनी खोपट्यावर पवित्र पाणी शिंपडलं. (ते तिथेच गोठलं.) खोपटं तळ्याच्या मध्यभागी, म्हणजे सगळ्या टीव्हींपासून शक्य तितकं लांब ठेवण्यात आलं. अडीअडचणीला म्हणून त्याला एक जुना, बटणांचा फोन दिला.

पहिल्याच मोठ्या सामन्याला ओरेस्ट तिथे जाऊन बसला. बर्फाला भोक पाडलं, गळ टाकला आणि जगाला शिव्या दिल्या. थोड्या वेळाने दोरीला हिसका बसला. काय हिसका! त्याने दोन्ही पाय रोवले, ओढला, ओढला, आणि भोकातून मासा वर आला तो त्याच्या हाताएवढा. असा मासा त्याने जन्मात पकडला नव्हता, कुणाला पकडताना पाहिलाही नव्हता. त्या क्षणी ओरेस्ट हॉकी विसरला, सासू विसरला. त्याने मासा छातीशी धरला.

फोन वाजला.

"ओरेस्ट! दोन गोल खाल्ले आत्ता! लागोपाठ!" डारियाचा आवाज. "काय करतोयस तू तिथे?"

"काही नाही गं. मासा लागलाय. केवढा मोठा आहे सांगू..."

पलीकडे कुजबूज झाली. मग सासूबाईंचा आवाज आला. "सोडा त्याला."

"आई, अहो, एकदा बघा तर खरं..."

"जावईबापू!"

ओरेस्टने माशाकडे पाहिलं. माशाने ओरेस्टकडे पाहिलं. मग त्याने तो हळूच भोकात सोडला. पाणी डुचमळलं, आणि कानाशी धरलेल्या फोनमधून आरोळी आली, "गोल!"

ओरेस्टने गळ वर ओढला आणि दोरी गुंडाळून पेटीत ठेवली. उगाच कशाला विषाची परीक्षा! आता सामना असला की तो खोपट्यात, भोकासमोर, हाताची घडी घालून बसलेला असतो. कुणी विचारलंच, तर मासे पकडतोय म्हणून सांगतो.