जावईबापूंनी गेंडा पाडिला त्याची हकीकत

श्रोत्यांनी चित्त द्यावे. मोठमोठे रणसंग्राम जाहले, त्यांच्या हकीकती लिहिणारेही बहुत जाहले. परंतु सासूचा अबोला मोडावा म्हणून जावयाने रण गाजविले, हे कोणी लिहिले नाही. सबब लिहिणे प्राप्त जाहले.

राजमान्य राजश्री जावईबापू विमा कचेरीत दावे तपासण्याच्या कामावर मुक्रर होते. खुद्द मयताने येऊन सांगितले तरी खातरजमा केल्याविना मृत्यू मानणार नाहीत, असा त्यांचा लौकिक. मातुःश्री सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर काठी टेकीत लेकीच्या घरी मुक्कामास आल्या, आणि त्यांस टीव्हीवरील कुस्तीच्या शोचा भारी शौक. एके संध्याकाळी तुफान नामे त्यांचा लाडका पैलवान निपचित पडला असता जावईबापूंनी मागून फर्माविले, "आई, सगळं ठरवून असतं हो. नुसतं नाटक!"

सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि जबानही बंद केली. मग जावईबापूंस मीठ हवे की नको, हे विचारणेदेखील कन्येमार्फत, दोन दरबारांमध्ये वकील फिरावा तैसे होऊ लागले. वकिली करून कन्या जेरीस आली आणि तिने पतीस हुकूम सोडिला की, तो शो शहरात आला आहे, आईस न्यावे, पुढल्या रांगेत बसवावे आणि आपले तोंड बंद ठेवावे. उजूर चालला नाही.

रविवारी खासा स्वारी टॅक्सीतून निघाली. स्टेडियमात धूर सुटला, दिवे फिरले, कर्णे वाजले, आणि तमाम रयत गळ्याच्या शिरा ताणून ओरडू लागली. जावईबापू मात्र हाताची घडी घालून बसले. ठोसा गालास लागतच नाही, आवाज पाय आपटून काढतात, ऐशी खोट हेरीत, अवघ्या लढाईचा दावा नामंजूर करण्याच्या बेतात होते.

इतक्यात गेंडा नामे महादुष्ट पैलवान दोरांवरून बाहेर फेकला गेला, तो थेट सासूबाईंच्या पायांशी. उठला, आणि तुफानाचा समाचार घेण्यासाठी हत्यार शोधू लागला, आणि सासूबाईंची काठीच उचलून चालू लागला.

मग काय जाहले ते जावईबापूंसही नीट सांगता येत नाही. रांगेपुढला कठडा ओलांडिला, चष्मा पडला, आणि दोन्ही हातांनी काठी धरून गर्जना केली, "ए गेंड्या! ऑपरेशन झालंय त्यांचं! ठेव ती काठी!"

गेंडा जवळ आला आणि कानाशी अदबीने पुटपुटला, "साहेब, सोडा ना. लगेच परत देतो. मला आता मार खायचाय, उशीर होतोय."

परंतु जावईबापू इरेस पडले. सोडीनात. रयतेने "पाड! पाड!" असा गलबला मांडिला. गेंडा जातिवंत कारागीर; त्याने मनात मसलत केली, काठी सोडिली, डोळे फिरविले आणि मोठे झाड उन्मळावे तैसा पाठीवर आदळला. स्टेडियम दणाणले. जावईबापू काठी उंचावून उभे राहिले आणि आपण काय ओरडतो आहो याची त्यांस शुद्ध नव्हती.

पुढे तुफान जिंकला, पट्टा मिळाला, कागदी फुले उधळली. ते कोणाच्या ध्यानी राहिले नाही. बाहेर पडते वेळी अनोळखी माणसे जावईबापूंची पाठ थोपटीत होती.

परतीच्या टॅक्सीत सासूबाई आपण होऊन बोलल्या, "जावईबापू, लागलं नाही ना? तो आपणहून पडला हो. पडताना मला डोळा मारला त्याने."

"छे हो, आई!" जावईबापूंचा घसा पार बसला होता. "मी ढकलला त्याला. तोल गेला त्याचा, मी बघितलं ना!"

"चष्मा कुठे होता तुमच्या डोळ्यांवर?"

जावईबापू दंड चाचपू लागले. सासूबाई खिडकीकडे तोंड करून हसू दाबीत म्हणाल्या, "ठरवून असतं ते मला का कळत नाही? पण एवढा धिप्पाड माणूस तुमच्यासाठी पाठ शेकून घेतो, त्याला नुसतं नाटक म्हणू नये."

येणेप्रमाणे अबोल्याचा किल्ला फत्ते जाहला. दुसरे दिवशी जावईबापूंनी कचेरीत, बसक्या घशाने, खुणा करून, गेंडा कैसा पाडिला ते सर्वांस सांगितले. कोणी पुरावा मागितला, त्यावर ते बहुत रागावले.