आधी देवगिरी

दौलताबादच्या किल्ल्याच्या पहिल्या दरवाजाशी आमचे गोविंदमामा जोडे काढून हातात घ्यायचे आणि भर दुपारी अनवाणी आत शिरायचे. पहारेकरी त्यांना ओळखून होता. "सेठ, राजा घर में नहीं. जूते पहन लो."

"राजा नहीं तो क्या हुआ? राजधानी तो है!"

निजामाच्या अमलात सगळे दौलताबाद म्हणत. मामा देवगिरीच म्हणायचे. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान. नात्यात कुणाचंही लग्न झालं, की हळद उतरायच्या आत नवरानवरीला रेल्वेत बसवून ते किल्ल्यावर न्यायचे. कुलदैवत नंतर. लोक म्हणायचे, "यादवांचा खजिना शोधून राह्यलाय." ही थाप मीही हसत हसत पसरवली. आता नातवंडंही तीच सांगतात, म्हणून खरं ते लिहून ठेवतो.

माझ्या लग्नात वडील अडून बसले. "गोविंदराव, आधी देव! दगडं मागून बघा."

"दाजी, देव दोन दिवस थांबंल. माणसाचं सांगता येतं का?" मामा अगदी रडकुंडीला आले. वडिलांना नमावं लागलं.

किल्ला पाहून माझी बायको कमल बोलायचीच थांबली. अख्खा डोंगर भिंतीसारखा उभा तासलेला, पायथ्याशी खोल खंदक. वर बघता बघता तिचा पदर डोक्यावरून घसरला, तरी तिला भान नव्हतं.

"बघ सूनबाई, बराबर बघ. जल्दी बिलकुल न्हाई," मामा म्हणाले. जणू डोंगर त्यांनीच तासून घेतला होता.

मग अंधारी लागली. कातळ कोरून वर नेलेला भुयारी रस्ता. पुढे मशालवाला, त्याच्यामागे कमल, मग मामा, शेवटी मी. एका वळणावर मशाल दिसेनाशी झाली. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना.

"सरू, डोकं सांभाळ. खाली वाक," मामा हळूच म्हणाले.

मी जागीच थबकलो. सरू म्हणजे मामी. माझ्या जन्माआधीच, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पटकीनं गेलेली. तिला देवगिरी बघायची होती आणि मामा म्हणाले होते, "लग्नसराई संपू दे, दुकान सोडता येत न्हाई." आईनं कधीतरी सांगितलेलं हे मला तिथं, त्या काळोखात आठवलं.

कमलला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी तिनं कोण सरू म्हणून विचारलं नाही.

"वाकले," ती म्हणाली.



"मंग चल. वर लई उजेड हाय."